भराव आपला, पाणी शेजाऱ्याचे

पेडणे तालुक्यात घर बांधायला कागद थोडे लागत नाहीत. एक-चौदाचा उतारा, सर्व्हे प्लॅन, जमीन बिगरशेती झाल्याची सनद, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याची एनओसी आणि मग 1994 च्या गोवा पंचायत राज कायद्याच्या कलम 66 खाली पंचायतीचे बांधकाम लायसन्स. घराची उंची किती, हद्दीपासून अंतर किती, जमिनीचा किती भाग व्यापला, सेप्टिक टँक कुठे, हे सारे त्या फायलीत मिळते. पावसाळ्यात त्या जमिनीवर पडणारे पाणी कुठून बाहेर पडणार आणि कोणाकडे जाणार, हे मात्र साध्या घराच्या फायलीत सहसा कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगतही नाही.

ते विचारावे का? जमिनीची आजची पातळी, बांधकामानंतरची पातळी आणि पाण्याचा निचरा दाखवणारा आराखडा ही लायसन्सची अट करावी का? प्रश्न तांत्रिक वाटतो, पण दोन शेजाऱ्यांतली बरीच भांडणे त्यात दडलेली असतात. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ 5 जानेवारी 2023 रोजी प्रवाशांसाठी सुरू झाला आणि पेडण्यातल्या जमिनींकडे पाहणाऱ्यांची नजर बदलली. याच तालुक्यातले कोरगाव हरमल-मांद्र्यासारखे किनाऱ्यावरचे, पर्यटकांनी गजबजलेले गाव नाही. पण त्यांच्यापासून फार लांबही नाही. अशाच गावांत आज प्लॉट पाडले जातात, भिंती उभ्या राहतात आणि उतार सपाट होतात.

या पट्ट्यातल्या गावांची ठेवण साधारण सारखी आहे. वर डोंगर, उतारावर काजू-आंब्याची भाटे, त्याखाली वाडे, वाड्यांखाली भातशेती आणि खाडीच्या काठाला खाजन. मोरड, खेर आणि खाजन अशी या पायऱ्यांची जुनी विभागणी आहे. पाणी वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडे थांबते, थोडे मुरते आणि शेवटी व्हाळातून, बांधातल्या मानशीच्या झडपेतून खाडीला मिळते. या रचनेत कोणाचीही जमीन एकटी नसते. वरच्याने काही केले की ते खालच्याला कळते, आणि बहुधा रात्रीच कळते.

अट हवी असे म्हणणाऱ्यांचा हिशेब सरळ आहे. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. 500 चौरस मीटरच्या प्लॉटवर हे 15 लाख लिटर पाणी झाले. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस पडला तर त्या दिवसाचे 50,000 लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. पालापाचोळ्याच्या, झाडीच्या जमिनीत यातले पुष्कळसे मुरते आणि उरलेले पसरून सावकाश उतरते. त्याच जमिनीवर छप्पर, पेव्हर आणि सिमेंटचे आवार आले की जवळजवळ सगळे पाणी एखाद्या कोपऱ्यात गोळा होऊन सुटते. ते प्रमाणाने वाढते, आणि त्याहून जास्त त्याचा वेग वाढतो. शेताचा बांध फुटतो तो या वेगाने.

भर पडते ती भरावाची. 500 चौरस मीटर जमीन एक मीटर उंच करायची तर 500 घनमीटर माती लागते. दहा घनमीटरचा टिपर धरला तर 50 फेऱ्या. ही माती गावातल्याच किंवा शेजारच्या गावातल्या डोंगराची असते, म्हणजे एका भरावाने दोन ठिकाणचा उतार बदलतो. शिवाय हद्दीचे काम बदलले आहे. पूर्वी भाटाला चिऱ्यांचा कोरडा रचलेला गडगा असे. त्याच्या फटींतून पाणी गाळून जाई, माती मागे राही. आता त्या जागी पाया खोदून, सिमेंटात बांधून, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली कुंपणभिंत येते. मालकाच्या दृष्टीने ती सुरक्षितता आहे. पाण्याच्या दृष्टीने ते एक छोटे धरण आहे, फक्त सांडवा नसलेले. भिंतीला तळाशी भोके ठेवली नाहीत तर पाणी शेजाऱ्याकडे तुंबते, किंवा मागून दाब येऊन भिंतच आडवी होते.

असे असले तरी या अटीला विरोध करणारे सगळे बेफिकीर आहेत असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांचा पहिला मुद्दा खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. बाहेरून येऊन व्हिला बांधणाऱ्याकडे आर्किटेक्ट असतो, इंजिनियर असतो. लेव्हल घेण्याचा खर्च त्याच्या एकूण बजेटात दिसतही नाही. उलट 1975 च्या मुंडकार कायद्याने घराची जागा नावावर झालेल्या कुटुंबाचा विचार करा. पंचायत हद्दीत ही जागा साधारण 300 चौरस मीटर. मुलाचे लग्न ठरले, मागे दोन खोल्या वाढवायच्या आहेत. त्याच्या जागेला चारी बाजूंनी दुसऱ्यांचे भाट. 'पाण्याची वाट दाखवा' असे त्या मुंडकाराला सांगितले तर तो ती कोणाच्या जमिनीतून दाखवणार? नियम कागदावर सर्वांना सारखा असेल, पण त्याचा भार सारखा पडणार नाही.

दुसरा मुद्दा अनुभवाचा आहे. नवी एनओसी म्हणजे नवे टेबल, आणि नवे टेबल म्हणजे काय ते गोव्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पंचायतीत सचिव असतो, कारकून असतो. लेव्हलचे यंत्र लावून पातळी वाचणारा माणूस नसतो. तपासणी करता येत नसलेली अट घातली की ती ठरलेल्या मजकुराच्या एका प्रमाणपत्राने पुरी होते. मग प्रामाणिक माणसाचा वेळ जातो आणि बाकीच्यांचे काहीच अडत नाही.

तिसरा मुद्दा असा की खरे नुकसान जिथून होते तिथे ही अट पोचतच नाही. ऑगस्ट 2019 मध्ये तिळारी नदीचे पाणी आले आणि इब्रामपूर, हणखणे, चांदेल, पलीकडे डिचोली तालुक्यातले साळ ही गावे पुरात सापडली. तिथल्या एखाद्या घराच्या आवाराचा उतार आदर्श असता तरी काय फरक पडला असता? मोठ्या प्रकल्पांसाठी, महामार्गांसाठी डोंगर कापले जात असताना तीन खोल्यांच्या घराकडे उताराचा नकाशा मागणे हे लोकांना चेष्टेसारखे वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही.

या तीनपैकी तिसऱ्या मुद्द्याला उत्तर देणे सोपे आहे. नदीचा पूर आणि वाड्यातले पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत; एकावर उपाय नाही म्हणून दुसऱ्यावरही करू नये, हे पटत नाही. पहिल्या दोन मुद्द्यांना मात्र इतके सोपे उत्तर नाही.

कायदा आज काय सांगतो ते पाहू. पाण्याविषयीचे मूळ तत्त्व जुने आहे आणि गोव्यात ते दोन वाटांनी आले. 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेत, माणसाने काही न करता वरच्या जमिनीतून आपसूक उतरणारे पाणी खालच्या जमिनीने स्वीकारावे, असे होते; त्याचबरोबर खालच्याने ते अडवू नये आणि वरच्याने ते वाढवू नये, असेही होते. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम 7 मधले उदाहरणही याच दिशेचे आहे: ठराविक प्रवाहात नसलेले, जमिनीवर पडणारे पाणी नैसर्गिकपणे खाली जाऊ देणे खालच्या मालकाला बंधनकारक आहे. तत्त्व समतोल आहे. अडचण पुराव्याची आहे. पाणी 'नैसर्गिकपणे' कसे जात होते हे सांगणार कोण? सर्व्हे प्लॅनवर हद्द दिसते, उंची दिसत नाही. भराव घातल्यावर जुनी पातळी मातीखाली गेलेली असते. खालचा शेतकरी कोर्टात गेला तर त्याच्याकडे म्हाताऱ्यांची साक्ष आणि मोबाईलमधले दोन-चार फोटो याशिवाय काही नसते. दिवाणी दावा निकालात निघेपर्यंत किती पावसाळे जातात ते वकिलांना विचारावे.

नगरनियोजनाच्या बाजूने पाहिले तर 1974 च्या कायद्यात पुढे घातलेले कलम 17अ आहे. मुख्य नगरनियोजकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय डोंगर कापणे आणि सखल जमीन भरणे त्याने मना केले आहे. कलम उपयोगी आहे आणि ते नेटाने वापरले तर बरेच काही वाचेल. तथापि त्याचा रोख वरच्या आणि खालच्या टोकावर आहे. डोंगर नाही आणि सखलही नाही अशी मधली, वाड्यातली सौम्य उताराची जमीन त्याच्या नजरेत ठळक येत नाही, आणि वस्ती तिथेच दाटते आहे. गेल्या काही वर्षांत गोव्यातला सगळा वाद झोनवर झाला: 2023 मध्ये आलेले 17(2), 2024 मध्ये आलेले 39अ, शेत सेटलमेंट झाले की नाही, ऑर्चर्ड कोणी बदलले. वाद रास्तच आहे. पण जमीन कायदेशीररीत्या सेटलमेंटमध्ये असली तरी तिची पातळी मनमानी बदलता येते, हे त्या गदारोळात मागे पडले.

भारतीय मानक ब्यूरोच्या 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत जोत्याविषयी एक तरतूद आहे: जागेचा निचरा नीट व्हावा आणि जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान 450 मिलिमीटर उंच असावे. घरात पाणी शिरू नये हा हेतू स्वच्छ आहे. परंतु 'भोवतालची जमीन' म्हणजे कोणती, ही मेख आहे. आपण आवार दोन फूट भरले की जोते त्या नव्या पातळीवरून मोजले जाते. मग शेजारी, ज्याचे घर आता खड्ड्यात गेले, तो पुढच्या उन्हाळ्यात आपले अंगण उचलतो. त्याच्या पलीकडचा त्याहून वर. रस्ताही दर डांबरीकरणाला थोडा वर येतो. या चढाओढीत सगळ्यात खाली राहतो तो जुन्या मातीच्या घरात राहणारा, ज्याला भराव परवडत नाही. म्हणजे अट घातली तर गरिबावर भार येतो हे जितके खरे, तितकेच अट न घातल्याचा भारही त्याच्यावरच येतो हे खरे आहे. फरक इतकाच की पहिला भार पावतीवर दिसतो, दुसरा दिसत नाही.

परदेशात हा प्रश्न कसा हाताळतात याचे दाखले दिले जातात. अमेरिकेत घरबांधणीच्या आदर्श संहितेत घराच्या भिंतीपासून पहिल्या 10 फुटांत जमीन किमान 6 इंच उतरावी असे आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या अनेक नगरपालिका प्लॉटचा उतार मंजूर आराखड्याप्रमाणे झाल्याचे इंजिनियरचे किंवा भूमापकाचे प्रमाणपत्र मागतात. यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तपासणी बांधकामाच्या शेवटी होते. न घेण्यासारखी गोष्ट म्हणजे हेतू. तिकडे तळघरे असतात, बर्फ वितळतो, म्हणून पाणी शक्य तितक्या लवकर घरापासून दूर आणि गटारात घालवायचे असते. आपल्याकडे जुलैत पाणी नकोसे होते आणि मेमध्ये विहिरी तळ दाखवतात. प्रत्येक प्लॉटचे पाणी झटपट गटारात घालवायचा नियम केला तर पूर कमी होईल आणि टंचाई वाढेल. खालचे गटार ते पाणी पेलणार नसेल तर पूरही कमी होणार नाही.

मग पाणी जिथल्या तिथे जिरवा, शोषखड्डे सक्तीचे करा, असे काही जण म्हणतात. सपाट जागेत हे उत्तम. मात्र उतारावर जांभ्याखालची माती पाण्याने भरली की ती घसरू शकते. पेडणेकरांना हे सांगायला नको: जुलै 2024 मध्ये कोकण रेल्वेच्या पेडणे बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. बोगद्याची गोष्ट घराच्या आवारापेक्षा फार मोठी आहे. पण तिथली माती पाणी प्यायल्यावर कशी वागते याची कल्पना त्यातून येते. कापलेल्या उताराच्या माथ्यावर शोषखड्डा खणायला लावणारा नियम घातक ठरू शकतो. एकच सूत्र सगळ्या वाड्यांना लावता येणार नाही, हे अटीच्या विरोधकांचे म्हणणे इथे पूर्ण मान्य करावे लागते.

दोन्ही बाजू तोलून पाहिल्यावर आमचा कल अट असावी याकडे जातो. मात्र आज ज्या स्वरूपात ती सुचवली जाते त्या स्वरूपात नाही. अट घर बांधण्याला लावू नये, माती हलवण्याला लावावी. जमीन आहे त्या उतारावर ठेवून जोते तेवढे उचलणाऱ्याला, मागे दोन खोल्या काढणाऱ्याला काही सादर करायला लावू नये. भिंतीला तळाशी भोके आणि पागोळ्या आपल्याच आवारात पडतील एवढे पाहिले की पुरे. हद्दीलगत जमीन अर्ध्या मीटरहून जास्त भरणाऱ्याने किंवा कापणाऱ्याने, भले प्लॉट लहान असो, आधीच्या आणि नंतरच्या पातळ्या दाखवाव्यात. त्याहून मोठे काम असेल, किंवा जमीन विभागून प्लॉट विकायचे असतील, तर पाण्याचा पूर्ण आराखडा इंजिनियरच्या सहीने यावा. अर्धा मीटर हा आकडा आम्ही चर्चेसाठी सुचवतो. कोरगावच्या ग्रामसभेला वेगळा सुचला तर तो तिला जास्त कळत असेल. मुंडकाराचा प्रश्न याने बराचसा सुटतो, कारण टिपरच्या 50 फेऱ्या मुंडकार सहसा आणत नाही.

टेबलाच्या आक्षेपाला यात पुरते उत्तर मिळत नाही, हे कबूल करायला हवे. तरीही जोखीम कमी करता येते. लायसन्सच्या वेळी फक्त पातळ्यांची नोंद घ्यावी, मंजुरी-नामंजुरी करू नये. नोंदीला लाच लागण्याचे कारण कमी. ती नोंद शेजाऱ्यांना पाहता यावी. तपासणी ऑक्युपन्सीच्या वेळी व्हावी, जेव्हा प्रत्यक्ष जमीन समोर असते आणि मालकालाही काम उरकण्याची घाई असते. तेव्हा आरंभीच्या नोंदीशी तुलना करायला पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जी लेव्हल घेतात तीही पुरेशी आहे. मिलिमीटर चुकला तरी चालेल, फूटभर चुकणार नाही. गटविकास कार्यालयाच्या तांत्रिक माणसाने दर महिन्याला ठराविक दिवशी पंचायतीत यावे एवढीच सोय लागेल. आणि समजा हे सगळे कुचकामी ठरले, तपासणी झालीच नाही, तरी जुन्या पातळीची एक सहीशिक्क्याची नोंद फायलीत राहते. खालच्या शेतकऱ्याला आज कोर्टात जो पुरावा मिळत नाही, तो निदान असेल. आमच्या मते या अटीचा मोठा लाभ इथेच आहे, आराखड्यात नाही.

आधीच बांधलेल्या, आधीच भरलेल्या जमिनींना यातले काहीही लागू होणार नाही. ही उणीव मोठी आहे. अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी 2016 मध्ये कायदा झाला, तेव्हाही हे घर कायदेशीर की बेकायदा एवढाच प्रश्न होता. त्याच्या भिंतीने व्हाळ अडवला का, हा नव्हता. जुन्या घरांना मागे जाऊन दंड करणे आम्हाला पटत नाही, कारण तेव्हा नियमच नव्हता. मात्र अडवलेला व्हाळ किंवा बुजवलेली मोरी मोकळी करणे हा दंड नव्हे, आणि तेवढे पंचायतीने कोणाचीही भीड न ठेवता करायला हवे.

शेवटी एक काम असे आहे की ज्याला कायद्यातल्या बदलाची वाट पाहावी लागत नाही. वाडावार पाण्याचा नकाशा: कोणता व्हाळ कुठून येतो, कोणत्या साकवाखालून जातो, कोणत्या मोरीत तुंबतो, कोणाच्या शेतातून मानशीकडे उतरतो. असा नकाशा नसेल तर मुंडकाराला 'पाण्याची वाट दाखवा' म्हणणाऱ्या पंचायतीलाच ती वाट ठाऊक नसेल. हे काम सल्लागाराला देऊन मार्चमध्ये करू नये. तेव्हा सगळी जमीन सारखीच कोरडी दिसते. जुलैत, सतत चार दिवस पाऊस लागल्यावर, वाड्यातल्या दोन जाणत्यांना आणि शाळेतल्या चार मुलांना सर्व्हे प्लॅनची झेरॉक्स देऊन बाहेर पाठवावे आणि जिथे पाणी वाहताना दिसेल तिथे रेघ मारून आणायला सांगावे.